गिरगाव ते वडाळा, बॅटरीचा ताप सांभाळत

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. आम्ही गेल्या आठवड्यात गिरगावातल्या फणसवाडीतून वडाळ्याला जाऊन आलो. टॅक्सीने गेलं तर सकाळचा चहा घरी आणि नाश्ता वडाळ्यात होतो. आम्हाला दोन दिवस लागले. वाटेत मुक्काम करावा लागला, डबा बरोबर होता, एका ठिकाणी सगळं सोडून द्यावं का असाही विचार झाला. तेव्हा याला प्रवासवर्णन म्हणण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. मे महिन्यात विजेची गाडी घेऊन मुंबईत हिंडायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी तर हे नक्की वाचावं.

आधी गाडीविषयी सांगते. अरविंद, म्हणजे माझा नवरा, निवृत्त झाल्यावर आम्ही ही पांढरी विजेची गाडी घेतली. घेण्यामागे माझा हट्ट होता. आयुष्यभर आम्ही कोकणात गेलो ते दुसऱ्याच्या तंत्राने. एस.टी. थांबेल तिथे चहा प्यायचा, आणि जावा-दिरांबरोबर टेम्पो ट्रॅव्हलर केली तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या आवडीच्या खानावळीत जेवायचं. मला एकदा फक्त आम्ही दोघांनी, सागरी रस्त्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं होतं. समुद्र दिसला की थांबायचं, एवढाच माझा कार्यक्रम. येत्या दिवाळीनंतर निघायचं ठरलंही होतं.

पण एप्रिलमध्ये गाडीच्या बॅटरीला ताप यायला लागला.

मी ताप म्हणते, कारण आमच्या घरात दुसरा शब्दच वापरत नाहीत. पडद्यावर तांबडी अक्षरं यायची, बॅटरीचं तापमान जास्त आहे म्हणून, आणि शेजारी एक लहानसं कासव उमटायचं. कासव आलं की गाडी खरोखरच कासवासारखी चालायची. आमचा मुलगा निखिल जर्मनीत असतो. त्याच्या फोनवर आमच्या गाडीचं ॲप आहे, त्यात बॅटरीचं तापमान दिसतं. माझ्या गुडघ्याची चौकशी त्याने गेल्या दिवाळीत केली होती. गाडीची तो दिवसातून तीन-चारदा करतो.

"आई, बाबांना सांग, चाळीसच्या वर गेलीय."

"अरे, मुंबईच चाळीसच्या जवळ आहे."

"मुंबईचं काही करता येत नाही गं. गाडीचं बोल."

अरविंदने महिनाभर गाडी विकणाऱ्यांना फोन केले, तक्रारी केल्या, भेटेल त्याला सांगितलं की बॅटरीच बोगस आहे, आपल्याला फसवलंय. इतक्या ठामपणे सांगितलं की निखिलला ते पटलं. त्याने जर्मनीतून निर्णय दिला: गाडी विकून टाका. त्याच्या मित्राचा भाऊ घ्यायला तयार होता आणि रविवारी बघायला येणार होता. बॅटरी बोगस आहे असं स्वतःच सांगितल्यामुळे अरविंदला आता 'नको, ठेवूया' म्हणायची सोय राहिली नव्हती. दोन दिवस तो गाडी पुसत राहिला. मग म्हणाला, "वडाळ्याच्या सर्व्हिस सेंटरला एकदा दाखवू. त्यांनी बॅटरी ठीक आहे म्हटलं तर ठेवू. नाहीतर रविवार आहेच."

म्हणजे माझं वेंगुर्ला आता वडाळ्यावर अवलंबून होतं. गुरुवारी आम्ही निघालो.

निघण्यापूर्वीची तयारी सांगितली पाहिजे. अरविंद फोनवरच्या एका गटात आहे, विजेच्या गाड्यांचे हौशी मालक, सगळे निवृत्त, त्यातले अर्धे आमच्याच गल्लीतले. त्यांनी रात्रभर सल्ले पाठवले होते. एकाचं म्हणणं, ओलं गोणपाट अंथरून त्यावर गाडी उभी करावी. दुसऱ्याने वाळ्याचे पडदे सुचवले. तिसऱ्याने भाऊच्या धक्क्यावरून बर्फाची लादी आणण्याचा मार्ग सांगितला, पण ती गाडीच्या नेमकी कुठे ठेवायची ते सांगितलं नाही. अरविंदने सगळ्यांचा मान राखून मधला मार्ग काढला. बॉनेटवर ओला पंचा पसरला आणि गाडीतला एसी बंद ठेवायचा हुकूम काढला.

"एसी का बंद?" मी विचारलं.

"तेवढाच ताण कमी बॅटरीवर. शिवाय हल्ली तो गार तरी कुठे करतो? माणसं तापली तर पाणी पितील. बॅटरी काय पिणार?"

फणसवाडीतून बाहेर पडणं हा स्वतंत्र प्रवास आहे. आमच्या शेजारची जुनी चाळ जानेवारीपासून पाडताहेत, पुनर्विकास चालू आहे. त्यामुळे गल्ली अर्धी पत्र्यांनी अडवलेली, उरलेल्या अर्ध्यात गाड्या, आणि या सगळ्यावर सिमेंटच्या धुळीचा थर. त्यात रात्री उंदीर आणि घुशी. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या गाडीच्या वायरी खातात. नाताळच्या सुमारास समोरच्या सामंतांची गाडी त्यांनी अशी कुरतडली की ती टो करून न्यावी लागली. तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पुरुषांनी मिळून उंदरांचा बंदोबस्त केला होता. काय केला ते मला माहीत नव्हतं. पुरुषांनी केलेल्या बंदोबस्ताची आपण माहिती काढायला गेलो की त्यात आपल्याला काम लागतं, हा माझा अनुभव.

ठाकुरद्वारला सिग्नलवर शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "काका, पंचा वाळत घातलाय का?" अरविंदने आपली काच वर केली. मुंबई सेंट्रलपर्यंत तो पंचा वाळला, भायखळ्याला उडाला. आम्ही थांबलो नाही.

लालबाग हा माझा थांबा होता. दर मे महिन्यात मी तिथे मिरच्या निवडून घेते, समोर भाजून घेते आणि डंकावर मसाला कुटून आणते. लहानपणी आईचा पदर धरून याच गल्लीत यायचे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पांढरे हातरुमाल घेऊन यायला लावायच्या. ते माझे हातरुमाल वर्षभर शाळेत कोरे राहायचे आणि या गल्लीत एका सकाळीत सगळे वापरून व्हायचे. तुम्ही येणार असाल तर सकाळी लवकर या, रांग कमी असते, आणि चष्मा असेल तर काढू नका, डोळे वाचतात. जवळ पाणी ठेवा. गल्लीच्या तोंडाशी ताक मिळतं, दहा-वीस रुपयांत जीव शांत होतो.

अरविंद गाडीपाशीच थांबला. दुसरा पंचा ओला करून त्याने पुन्हा बॉनेटवर घातला. माझ्या पुढे नंबर लावून उभ्या असलेल्या एक मालवणी बाई बराच वेळ ते बघत होत्या.

"तुमचे घोव काय?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"गाडी आजारी आसा?"

"बॅटरी तापते हो."

"बॅटरी खंय असता, थंय पुढे?"

"नाही, ती खाली असते. सीटच्या खाली."

"मगे पंचो वर कित्याक घातलो?"

मी मिरच्यांकडे वळले. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या मिरचीमुळे की हसण्यामुळे, ते मी बघितलं नाही.

ताजा कुटलेला मसाला चांगला गरम असतो. मी पिशवी डिकीत ठेवायला गेले तर अरविंद धावत आला. "तिथे नको! बरोबर बॅटरीच्या वर येतं ते."

"मग कुठे ठेवू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. पुढचा सगळा प्रवास ती ऊन-ऊन पिशवी माझ्या मांडीवर होती. एसी बंद, धुळीमुळे काचा बंद, आणि मांडीवर पाच किलो गरम मसाला. अरविंद शिंकत होता, मी शिंकत होते. बॅटरी तेवढी सुरक्षित होती.

परळला अडकलो. परळला कुठला ना कुठला पूल कामाला काढलेलाच असतो, तेव्हा इथून जाणाऱ्यांनी आपल्या अंदाजात सरळ अर्धा तास वाढवावा. गिरण्या होत्या तेव्हा इथे माझी मावशी राहायची. आता तिच्या चाळीच्या जागी काचेचा मनोरा आहे. गाडी हलत नव्हती म्हणून मी त्याच्याकडे बघत बसले. मजल्यामजल्यावर एसीची यंत्रं, प्रत्येक यंत्र आतला उकाडा उचलून बाहेर रस्त्यावर टाकत होतं. आत लोक स्वेटर घालून बसत असणार. त्यांचा सगळा उकाडा आमच्यावर येत होता.

मला माझ्या काकांची पेट्रोलची गाडी आठवली. ती खंडाळ्याच्या घाटात दरवेळी उकळायची. मग आम्ही सगळी मुलं खाली उतरायचो, काका फडक्याने झाकण उघडायचे, वाफेचा फवारा उडायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. काकू झऱ्याचं पाणी आणून ओतायच्या, तोवर आम्ही करवंदं खायचो. ती गाडी तापली की सहल व्हायची. ही तापली की जर्मनीतून फोन येतो.

आलाच. "बाबा, एक्केचाळीस! आणि एसी बंद का दिसतोय? एसी लावा. ज्या यंत्राने तुम्ही गार होता त्यानेच बॅटरी पण गार होते."

"मला शिकवू नकोस. आधी बॅटरी, मग आम्ही."

"आईला बरं वाटतंय ना?"

मी पिशवी सावरत म्हटलं, "चांगलं वाटतंय बाळा." महिन्याभरात प्रथमच त्याने विचारलं होतं, उगाच का मोडता घाला.

आमच्या वाडीत चार्जिंगची सोय नाही. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचा विचार झाला होता, पण खालच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले की त्यांच्या सोवळ्याच्या कपड्यांवरून वीज जायला नको. म्हणून आम्ही दादरला एका वाहनतळाच्या तळघरात गाडी चार्ज करतो. दर युनिटवर असतो, घरच्या विजेपेक्षा महाग पडतो, पण पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. गाडी लावली, केबल जोडली आणि पाच मिनिटांत पुढून पंख्याचा असा आवाज सुरू झाला की तळघरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. आवाज वाढत गेला आणि चार्जिंग कमी होत गेलं. तासाभराने जेमतेम थेंबथेंब वीज शिरत होती.

मागे एक विजेची टॅक्सी घेऊन गृहस्थ थांबले होते. "साहेब, और कितना टाइम?"

"तिला ताप आहे," अरविंद म्हणाला.

"मेरी भी तो यही गाडी है. दिनभर चलती है, कभी कुछ नहीं हुआ."

"तुमची टॅक्सी आहे. तिला सवय आहे." अरविंदचं उत्तर. गाड्यांमध्येही खानदान असतं हे मला तेव्हा कळलं.

तळघरातून वर आलो आणि पडद्यावर कासव आलं. निखिलने फर्मान काढलं: आज पुढे जायचं नाही, गाडी रात्रभर थंड होऊ द्या. अशा रीतीने गिरगावातून निघालेल्या आम्ही प्रवाशांनी दादरला मुक्काम केला.

दादरला राहण्याची सोय: नणंद. भाडं: एक किलो मसाला. अरविंदची मोठी बहीण नलूताई हिंदू कॉलनीत एकटी राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, तोंड तिशीतलं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून त्यांनी मला 'कॉन्व्हेंट' असं नाव ठेवलं ते आजतागायत. म्हणून त्यांच्यासमोर मी अरविंदला अहो म्हणते.

"या, कॉन्व्हेंट. कुठून आलात?"

"गिरगावातून, वन्सं."

"आणि राहणार? आता माहीमला जायचं तर पासपोर्ट काढाल." त्यांनी पन्हं दिलं. अरविंद ग्लास घेऊन खिडकीशी गेला आणि खाली गाडीकडे बघत उभा राहिला.

"ती पळून नाही जात," वन्सं म्हणाल्या. "आल्यापासून तीनदा खाली जाऊन तिला हात लावून आलास. माझं ब्लड प्रेशर कसं आहे, एकदा तरी विचारलंस?"

"कसं आहे?"

"तुला बघून वाढलंय."

मी मसाला वर्तमानपत्रावर पसरला. संध्याकाळी वन्सं देवळात गेल्यावर आम्ही दोघं गॅलरीत बसलो. खाली गुलमोहराच्या फुलांनी गाडीचं छत लाल झालं होतं. छान दिसत होती. अरविंद अचानक म्हणाला, "विकून टाकूया. निखिल म्हणतो तेच बरोबर. हे सगळं सांभाळायचं आपलं वय नाही राहिलं."

हा माणूस निवृत्त झाल्यावर सहा महिने वर्तमानपत्राच्या मागे बसून होता. गाडी आल्यावर तो माणसात आला. मला ड्रायव्हरच्या सीटवरचा अरविंद आवडतो. कॉलेजात स्कूटर चालवणारा जो मुलगा मी पसंत केला होता, तो मला तिथेच अजून अधूनमधून दिसतो.

"आणि वेंगुर्ला?" मी विचारलं.

"भाड्याने गाडी करू."

"त्यात ड्रायव्हर असतो."

"मग? बरंच की."

"समुद्र दिसला की त्याला थांबायला सांगावं लागतं. आणि तो म्हणतो, पुढे याहून चांगला स्पॉट आहे."

त्याने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत नेऊन ठेवला. हे तो एरवी करत नाही. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी वन्सं पर्स घेऊन दारात उभ्या. "मीही येते. सारखं बॅटरी बॅटरी ऐकतेय, बघू तरी कोण आहे ती." वन्संना उकाडा चालत नाही म्हणून एसी लागला, पण त्यातून यायचा तो कोमट वाराच. त्या मागे बसून स्वतःला वर्तमानपत्राने वारा घालत राहिल्या.

वडाळ्याचं सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचा महाल. आत इतकं गार की मी पदर अंगाभोवती घेतला. कॉफी फुकट मिळते, बिस्किटंही. टाय लावलेले एक गृहस्थ टॅब घेऊन आले. त्यांनी गाडीत लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं पडद्याकडे बघितलं, गाडीकडे एकदाही नाही.

"सर, बॅटरी हेल्थ एकदम परफेक्ट. सगळं ग्रीन."

अरविंदचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मग तापते का?"

"समर आहे ना सर."

"इतर गाड्यांनाही समर असतोच ना?" मी म्हटलं.

"मॅडम, आम्ही सॉफ्टवेअर अपडेट करून देतो. मग ती वॉर्निंग येणार नाही."

"म्हणजे बॅटरी तापणार नाही?"

"वॉर्निंग येणार नाही, मॅडम."

अपडेट केलं. सौजन्य म्हणून पूर्ण चार्जिंगही करून दिलं. आम्ही आभार मानून निघालो आणि मिठागरांच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर पोचतो तोच कासव आलं. तांबडी अक्षरं नव्हती, तेवढी सुधारणा झाली होती.

अरविंदने एका पिंपळाखाली गाडी थांबवली. पंखा गरजत होता. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "झालं. रविवारी देऊन टाकू." वन्संनीसुद्धा त्याला काही टोमणा मारला नाही. मला त्या गाडीत बसवेना. मी उतरले, समोर फुटपाथची कड होती तिच्यावर जाऊन बसले. मी सहसा इतकं खाली बसत नाही. बसायला मला वेळ लागतो आणि उठायला माणूस लागतो. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, त्या गटात, सगळ्यांचे गुडघे सारखेच. वर्षानुवर्षं आम्ही कुणी कुठल्याच वस्तूकडे खालून बघितलेलं नाही.

त्या दिवशी मी आमच्या गाडीचं तोंड प्रथमच समोरासमोर पाहिलं. नंबर प्लेटच्या खाली हवा आत जायची जी रुंद जागा असते, तिथे राखाडी भिंत होती. गिलावा केल्यासारखी. मला आधी वाटलं गाडीचाच भाग आहे. पण मग शाळा आठवली. सिस्टर फिलोमिना एकदा गरम दुधाचे दोन पेले घेऊन वर्गात आल्या होत्या, एकावर लोकरी टोपी, एक उघडा. तास संपताना दोन्ही आम्हाला पाजले, टोपीतलं अजून गरम, उघडं गार, आणि म्हणाल्या, मुलींनो, उष्णतेला घरात राहायचं नसतं, तिला फक्त दार उघडं लागतं. ही गाडी एवढा पंखा लावून, एवढी धापा टाकून उष्णता बाहेर काढायला बघत होती. मग दार कुठे होतं? मी हात पुढे केला. वारा आत ओढला जात नव्हता. केसातली पिन काढून खरवडलं तर खपली पडली आणि आत हिरवं काहीतरी दिसलं.

"अहो, इकडे या. हे काय आहे?"

अरविंद आला. वाकता येईना म्हणून बॉनेटला धरून अर्धवट वाकला आणि तसाच राहिला. मागून वन्सं आल्या, त्यांनी चष्मा सरळ केला.

"अगं बाई! ही तर माझी जाळी. न्हाणीघराच्या खिडकीला डासांसाठी लावली होती त्यातली उरलेली. नाताळात हा मागून घेऊन गेला. म्हणाला, काम आहे."

उंदरांचा बंदोबस्त तो हा. डासांची बारीक जाळी, दुहेरी करून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेली. त्यावर जानेवारीपासून शेजारच्या चाळीची धूळ बसत गेली आणि गाडी धुणारा रोज सकाळी त्यावर पाणी मारत गेला. सिमेंटला जे जे लागतं ते सगळं मिळालं. उंदीर आत गेला नाही, पण वाराही गेला नाही. थंडीत काही वाटलं नाही, उन्हाळा आला आणि बॅटरी घुसमटली. त्या यंत्राला वाराच मिळत नव्हता, तर एसी तरी कुठून गार करणार?

वन्संच्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं कापायची लहान कात्री होती. मी बसल्या बसल्याच पट्ट्या कापल्या. जाळी खाली पडली आणि पंख्याचा आवाज बदलला. आधी तो कण्हल्यासारखा होता, आता मोकळा झाला. गाडीत जाऊन बघितलं तर आकडा उतरत होता. सावकाश, पण उतरत होता. थोड्या वेळाने कासव गेलं. एसीतून खरोखरचं गार वारं यायला लागलं. वन्संनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

आणि फोन वाजला. अरविंदने स्पीकरवर घेतला.

"बाबा! तापमान खाली येतंय! काय केलं सर्व्हिस सेंटरने? भारीच माणसं आहेत."

अरविंदने माझ्याकडे बघितलं. उत्तर समोरच होतं, अपडेट केलं म्हणायचं आणि सुटायचं. चाळीस वर्षांत मी त्याची अशी उत्तरं खूप ऐकली आहेत. गाडी चुकली तर ती वेळेआधी सुटलेली असते. दूध उतू गेलं तर गॅस नवीन असतो. आणि या वेळी तर महिनाभर त्याने सगळ्या जगाला बोगस ठरवलं होतं. पण अपडेटने तात्पुरतं बरं वाटलंय म्हटलं असतं तर निखिल म्हणाला असता, मग चांगली आहे तोवर विका. अरविंदलाही ते कळत होतं.

"सर्व्हिस सेंटरने काही नाही केलं," तो म्हणाला. "पुढे जाळी होती. वारा जात नव्हता."

"जाळी? कोणी लावली?"

वन्संनी तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला.

"मी," अरविंद म्हणाला. "मी लावली होती. उंदरांसाठी. बॅटरीला काही झालेलं नाही. चूक माझी होती."

मग निखिल हसायला लागला. खूप हसला. अरविंदने ते पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी निखिल म्हणाला, "बरं, रविवारच्या माणसाला मी नको म्हणून कळवतो. आणि बाबा, एसी लावून जा हां."

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. चांगल्या प्रवासाचं ते लक्षण. दादरला वन्संना सोडलं. "जाळी धुऊन परत दे, कुंड्यांना होईल," असं बजावून त्या उतरल्या, आणि वाकून अरविंदच्या गालाला हात लावून वर गेल्या. लालबागचा पूल, भायखळा, ठाकुरद्वार, काचा बंद, आत गारवा. घर आलं तेव्हा मला उतरावंसं वाटेना.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी मला कळलेलं थोडक्यात सांगते. चार्ज करून आल्यावर तिला जरा श्वास घेऊ द्या. एसीचा लोभ धरू नका, बॅटरीलाही तो लागतो. उंदरांचा प्रश्न खरा आहे. आम्ही आता वायरींच्या भागात खालून मोठ्या भोकांची लोखंडी जाळी बसवून घेतली आहे आणि पुढचं तोंड मोकळं ठेवलं आहे. आणि आठवड्यातून एकदा गाडीसमोर पाट टाकून बसा.

परतलो त्याच संध्याकाळी अरविंदने त्या गटाला सगळं लिहून कळवलं. राखाडी जाळीचा फोटो टाकला, चूक माझीच होती असं स्पष्ट लिहिलं. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर कुणाचंही आलं नाही. एकाने बऱ्याच वेळाने गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवलं, शुभ रात्री म्हणून.

शनिवारी सकाळी आम्ही दूध आणायला खाली उतरलो. गल्लीत गाड्यांची रांग होती, नेहमीसारखीच. प्रत्येक गाडीच्या पुढे जमिनीवर सिमेंटच्या खपल्या पडल्या होत्या, कापलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या पडल्या होत्या. समोरचे सामंत हातात कात्री घेऊन उभे होते. आम्हाला बघून त्यांनी ती पाठीमागे नेली.

"काय अरविंदराव, काल काही मेसेज टाकलात वाटतं? अजून बघितला नाही."

"जाळीचा होता," अरविंद म्हणाला.

"कसली जाळी? आमच्या गाडीला कधी जाळी नव्हतीच."

त्यांच्या पायाशी हिरवा तुकडा पडला होता. मला हसू आवरेना, म्हणून मी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघत राहिले. कालपरवापर्यंत माझा नवराही असंच म्हणाला असता. आता तो काय म्हणतो याची मी वाट बघत होते.

"बरं केलंत," अरविंद म्हणाला, आणि सामंतांना वाकायला त्रास नको म्हणून त्याने तो तुकडा बुटाने हळूच गटाराच्या बाजूला सारला.